शिकाऊपणाचा अधिकार

महाराष्ट्र सोडून नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या माणसाला एक शिक्षण नकळत घडते. ज्या वयात घरी राहिलेले आपले बंधू कर्ते म्हणून वावरू लागतात, त्या तिशी-पस्तिशीच्या वयात त्याला पुन्हा नवशिके व्हावे लागते. भाजीवाल्याशी बोलावयाची भाषा नवी, घरमालकाशी वागण्याची रीत नवी, नळाला पाणी येण्याची वेळ नवी, थंडीसुद्धा नवी. या नवशिकेपणाची आपण फारशी खंत बाळगीत नाही. कारण तो आपण मागून घेतलेला नसतो. बदलीच्या हुकुमाने तो आपल्या पदरात टाकलेला असतो. परंतु आपण होऊन नवशिके व्हावे, अर्ज भरून, फी देऊन, रांगेत उभे राहून “मला येत नाही, मला शिकवा” असे म्हणावे, असा प्रसंग आला की मात्र आपले पाऊल अडखळते. ते का अडखळते आणि ते अडखळावे काय, याचा विचार आम्ही येथे एका साध्या उदाहरणाच्या आधाराने करणार आहोत. ते उदाहरण म्हणजे मोटारसायकल शिकण्यासाठी नवशिक्यांच्या वर्गात प्रवेश घेण्याचे.

उदाहरण क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास आमची हरकत नाही. कठोपनिषदाने आत्मविचारासाठी रथ जुंपला, प्लेटोने राज्यकारभाराच्या विचारासाठी जहाज पाण्यात सोडले. केंद्र सरकारच्या एका कारकुनाच्या वाट्याला मोटारसायकल आली तर त्यात नवल ते काय? वाहन बदलले तरी प्रश्न तोच आहे. चालविणाऱ्याला चालविता येते हे ठरवावयाचे कोणी, आणि येत नसेल तोवर त्याने कोठे असावे?

आपल्याकडे मोटारसायकल शिकण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. थोरला भाऊ, मेहुणा किंवा शेजारचा मित्र आपली गाडी देतो. गावाबाहेरचे मैदान किंवा संध्याकाळचा रिकामा रस्ता पाहिला जातो. “हा क्लच, हा गिअर, हा ब्रेक, क्लच हळू सोड, घाबरू नकोस,” एवढ्या सूत्रमय उपदेशावर पहिला पाठ संपतो. दुसऱ्या दिवशी शिष्य बाजारातून भाजी घेऊन येतो आणि आठ दिवसांनी पत्नीला मागे बसवून देवदर्शनास जातो. सायकल ज्याला येते त्याला मोटारसायकल येतेच, असा आपला समज आहे; आणि तोल सांभाळण्यापुरता तो खराही आहे. म्हणूनच मोटार शिकावयाची तर शिकविणाऱ्या संस्थेत जावे लागते हे आपल्याला सहज पटते, परंतु मोटारसायकलसाठी कोणी वर्गात नाव घातले तर आपण त्याच्याकडे कौतुकाने नव्हे, कीव केल्यासारखे पाहतो.

कायद्याने या बाबतीत काय म्हटले आहे तेही पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. तो सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी आणखीही बारकावे सांगितले आहेत. शिकाऊ माणसाच्या वाहनावर पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर असावे, त्याची पाटी अठरा सेंटिमीटर चौरसाहून लहान नसावी आणि अक्षराची उंची दहा सेंटिमीटरहून कमी नसावी. शिवाय शिकाऊ माणसाबरोबर परवानाधारक शिक्षक असावा आणि तो वाहन आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा.

या शेवटच्या अटीपाशी विचारी माणूस थबकेल. मोटारीत शिक्षक शेजारी बसतो आणि त्याच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक बसवून घेता येतो. मोटारसायकलवर मात्र शिक्षकाला बसावयास मागची गादी तेवढी उरते. तेथून त्याचा हात ना क्लचपर्यंत पोहोचत, ना ब्रेकपर्यंत. त्याला फार तर शिष्याच्या कानात ओरडता येते. म्हणजे ज्या वाहनावर शिक्षकाला शिष्याची चूक हाताने सावरता येत नाही, नेमके तेच वाहन आपण शिक्षकावाचून शिकण्यासारखे मानले आहे. या विसंगतीत कायदा करणाऱ्यांचा दोष शोधण्याची आमची इच्छा नाही. मोटारसायकलचा नवशिका हा इतर नवशिक्यांपेक्षा अधिक एकटा असतो, एवढेच तिच्यावरून ध्यानात घ्यावयाचे. त्याच्या आणि त्याच्या चुकीच्या परिणामाच्या मध्ये दुसरे कोणीही नसते.

आता यातील तत्त्वाचा प्रश्न पाहू. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात म्हटले आहे की जी कामे शिकून करावयाची ती आपण करूनच शिकतो. घरे बांधून माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवून वादक होतो. हे खरे मानले तर मोटारसायकल चालवूनच माणूस मोटारसायकलस्वार होणार. परंतु मग त्याचे पहिले चालविणे हे अपात्र माणसाचेच चालविणे ठरते. पात्रता येण्यासाठी कृती हवी आणि कृती करण्यासाठी पात्रता हवी, असा हा पेच आहे. वीणेच्या बाबतीत तो कोणाला टोचत नाही, कारण नवशिक्याच्या बेसुरेपणाने शेजाऱ्यांचे कान दुखतील, पाय मोडणार नाहीत. मोटारसायकलच्या बाबतीत तो टोचतो. शंभर-सव्वाशे किलो वजनाची ती वस्तू रस्त्यावर आणणारा नवशिका आपली चूक आपल्यापुरती ठेवू शकत नाही. त्याच्या शिक्षणाची फी कोण भरील हे आधी सांगता येत नाही. कदाचित तो स्वतः भरील, कदाचित शाळेतून घरी निघालेले एखादे मूल भरील.

या पेचातून सुटण्याचा मार्ग मनुष्याने पूर्वीच शोधून ठेवला आहे. तो म्हणजे चुकण्यासाठी वेगळी जागा करणे. तालमीचा हौद उकरून मऊ केलेल्या मातीने भरतात, तो पडणाऱ्या मल्लाची हाडे शाबूत राहावीत म्हणून. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवर सुकलेला भोपळा बांधतात, तो त्याला बुडण्याचीही थोडी मुभा असावी म्हणून. नवशिक्यांचा मोटारसायकल-वर्ग म्हणजे दुसरे काय? एक कुंपण घातलेले पटांगण, हलकी गाडी, थोडे विद्यार्थी आणि ज्याचे लक्ष फक्त त्यांच्याकडे आहे असा शिक्षक. चुकीची किंमत जेथे कमीत कमी आहे आणि जेथे ती चुकणाराच देतो, अशी जागा. या वर्गात प्रवेश मागणारा मनुष्य खरोखर चुकण्याची परवानगी मागत असतो. आणि परवानगी मागून चुकणे यात आम्हांला कमीपणा तर दिसत नाहीच, उलट सभ्यपणा दिसतो.

परदेशांत ही जागा कशी निर्माण केली गेली याची थोडी माहिती येथे देणे उपयुक्त होईल. ब्रिटनमध्ये १९९० च्या डिसेंबरपासून नवशिक्या मोटारसायकलस्वारास सक्तीचे प्राथमिक शिक्षण घ्यावे लागते. त्याचे पाच भाग आहेत. प्रथम प्रस्तावना व दृष्टीची तपासणी, नंतर पटांगणात गाडीची ओळख, पटांगणातच चालविण्याचा सराव, मग रस्त्याविषयीचे विवेचन, आणि सर्वांत शेवटी निदान दोन तास शिक्षकासह प्रत्यक्ष रस्त्यावर. रस्त्यावर एका शिक्षकाने दोहोंपेक्षा अधिक विद्यार्थी नेऊ नयेत असा दंडक आहे. हे शिक्षण म्हणजे परीक्षा नव्हे. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागत नाही. शिक्षकाचे समाधान झाले की तो दाखला देतो, न झाल्यास पुन्हा यावे लागते. दाखला दोन वर्षे चालतो आणि तेवढ्यात पुढील परीक्षा दिली नाही तर शिक्षण पुन्हा घ्यावे लागते. ‘एल’ अक्षर तोवर गाडीवर राहते आणि मागे कोणास बसविता येत नाही.

अमेरिकेत या कामासाठी १९७३ साली एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या प्राथमिक वर्गात गाडी संस्थाच पुरविते, आणि ती लहान असते. पहिल्या पाठांत वेगाचा संबंधही नसतो. विद्यार्थी गाडीवर बसून पाय जमिनीला टेकवीत क्लच किंचित सोडतो, आणि ज्या जागी गाडी पुढे ओढू लागते ती जागा हाताच्या बोटांनी ओळखून पुन्हा क्लच दाबतो. हेच तो अनेकदा करतो. जपानची रीत आम्हांला विशेष विचार करण्यासारखी वाटते. तेथे परवान्याच्या परीक्षेत पंधरा मीटर लांब आणि केवळ तीस सेंटिमीटर रुंद अशा फळीवरून मोटारसायकल न्यावयाची असते. फळी लवकर पार केल्यास गुण कमी होतात. साधारण मोटारसायकलला सात सेकंद आणि मोठ्या मोटारसायकलला दहा सेकंद तरी लागलेच पाहिजेत. जोरात कोणीही सरळ जाईल. जो हळू जाऊनही तोल राखतो त्याला गाडी येते, हे त्या फळीचे म्हणणे आहे. आपल्या परिवहन कार्यालयांत इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवावयास सांगतात त्यामागेही हाच हेतू आहे. मात्र अनेक उमेदवार त्या आठाला एक औपचारिक विधी समजून उरकतात.

येथे एक आक्षेप येईल. “आमचे वडील कोणत्या वर्गात गेले होते? त्यांनी तीस वर्षे गाडी चालविली, कोणाला ओरखडा काढला नाही.” हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की चालविता येणे आणि शिकविता येणे या दोन विद्या आहेत. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सायकलचेच उदाहरण देऊन दाखविले आहे की, तोल सांभाळणारा मनुष्य ज्या नियमाने तो सांभाळतो तो नियम त्याला स्वतःला सांगता येत नाही. त्याचे ज्ञान हातात असते, जिभेवर नसते. मोटारसायकलवर याचा प्रत्यय पदोपदी येतो. थोड्या वेगाने जात असता डावीकडे वळावयाचे झाल्यास हँडलचा डावा हात पुढे ढकलावा लागतो, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडे झुकते. वर्षानुवर्षे गाडी चालविणारा प्रत्येक जण हे करतो, परंतु त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी डावीकडे जाताना हँडल डावीकडेच वळवितो. तो खोटे बोलत नाही. त्याला येते, पण त्याला ठाऊक नाही.

जे ठाऊक नाही ते तो मेहुण्याला कसे शिकविणार? आणि जे चुकीचे ठाऊक आहे ते मात्र तो आवर्जून शिकवितो. “पुढचा ब्रेक लावू नकोस, पालथा पडशील,” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. वास्तविक ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न आवळता क्रमाक्रमाने दाबावा, मागच्या ब्रेकच्या साथीने दाबावा, आणि गाडी सरळ असताना दाबावा, हे शिकविण्याची गोष्ट आहे. प्रेमळ मेहुण्याने ते टाळावयास शिकविले, आणि ते टाळणे एखाद्या दिवशी चार-पाच मीटरांनी अपुरे पडते.

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या परिसरात मोटारसायकलच्या नऊशेहून अधिक अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात असे आढळले की अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून शिकलेले होते. हा आकडा मोठा आहे. परंतु केवळ त्याच्या बळावर आम्ही आमचे म्हणणे उभे करू इच्छीत नाही. कारण दुसऱ्या बाजूचा पुरावाही वाचकांपुढे ठेवणे आवश्यक आहे. २०१० साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या वतीने मोटारसायकल-शिक्षणाविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. अशा शिक्षणाने अपघात निश्चित किती घटतात, आणि कोणते शिक्षण सर्वांत चांगले, हे सांगण्याइतका भक्कम पुरावा हाती नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास फाजील वाढून तो अधिक धोका पत्करीत असेल, ही शंकाही अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मग वर्गात जाण्याचे कर्तव्य कशावर उभे राहते? आमच्या मते येथेच या प्रश्नाचा गाभा आहे. अपघात अमुक टक्क्यांनी घटतात म्हणून शिकावे, हा झाला विमा कंपनीचा हिशेब. तो खरा ठरला तर उत्तमच. परंतु नीतीचा हिशेब वेगळा आहे. रस्ता ही परस्परविश्वासावर चालणारी संस्था आहे. रस्ता ओलांडणारी वृद्ध स्त्री समोरून येणाऱ्या स्वाराच्या हातातील कौशल्याची परीक्षा घेऊ शकत नाही. त्याला थांबता येते हे ती गृहीत धरते आणि पाऊल टाकते. तिने ठेवलेला हा विश्वास स्वाराने मागितलेला नसतो, पण तो वापरतो मात्र रोज. ज्याचा विश्वास आपण न विचारता वापरतो त्याच्याशी आपण निदान एवढे तरी बांधलेले आहोत की, तो विश्वास सार्थ व्हावा म्हणून आपल्या हाती असलेला प्रयत्न करावा. प्रयत्नाचे फळ शंभर टक्के मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न. डॉक्टरची प्रत्येक शस्त्रक्रिया यशस्वी होतेच असे नाही, म्हणून न शिकता शस्त्र हाती घेण्याची मुभा आपण कोणाला देत नाही.

हा विश्वास किती महाग आहे हे कळण्यासाठी एकच वर्ष पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरील होती आणि सुमारे साडेएकोणीस टक्के पायी चालणारी होती. हे सर्व मृत्यू नवशिकेपणाने झाले असे आम्ही म्हणत नाही. खराब रस्ते, मद्य, वेग, अवजड वाहने, शिरस्त्राण न घालणे अशी कारणे अनेक आहेत. परंतु ज्या रस्त्यावर इतकी माणसे मरतात तो रस्ता पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याची जागा नव्हे, एवढे म्हणण्यास ते आकडे पुरेसे आहेत.

आपण सरकारी नोकर कागदाच्या सान्निध्यात वाढलेली माणसे आहोत, म्हणून परवान्याच्या कागदाविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. दाखला म्हणजे काय हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? आपण सही करतो ती समोर बसलेल्या माणसासाठी नव्हे. जो कधी समोर येणार नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याने त्या कागदावर विसंबून राहावे म्हणून करतो. मोटारसायकलचा परवाना असाच अनोळखी माणसांना उद्देशून लिहिलेला दाखला आहे. सातारला मिळालेला परवाना गुवाहाटीस चालतो आणि कोचीसही चालतो. २०२१ पासून तर बदलीच्या नोकरीतल्या आपणांसारख्यांसाठी भारत मालिकेची नोंदणी निघाली आहे, म्हणजे गाडीचा क्रमांकही प्रांतोप्रांती बदलण्याची गरज उरलेली नाही. सोय झाली हे खरे. परंतु या सोयीचा दुसरा अर्थ असा की सातारला एखाद्या दलालाने न शिकता मिळवून दिलेला परवाना ब्रह्मपुत्रेच्या काठच्या माणसालाही फसवू शकतो. ज्याच्या खिशात परवाना आहे पण हातात विद्या नाही, तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल. परंतु त्याच्या खिशात एक खोटे विधान आहे, आणि ते घेऊन तो रोज लोकांमधून फिरतो.

परप्रांतात राहणाऱ्यांना यात एक अधिक सूक्ष्म जबाबदारी आहे असे आम्हांस वाटते. आपण येथे पाहुणे नाही, कारण देश आपलाच आहे. परंतु येथले रस्ते, येथली वळणे, कोणत्या गल्लीतून मुले धावत येतात आणि कोणत्या चौकात गुरे बसतात, हे ज्ञान आपल्याला जन्माने मिळालेले नाही. आपल्या हातून कोणास धक्का लागला तर त्याची क्षमा मागण्यापुरतीही भाषा कित्येकदा आपल्याजवळ नसते. अशा स्थितीत अधिक काळजी घेणे हे भय नव्हे, सौजन्य होय.

आता अडखळणाऱ्या पावलाकडे वळू. वर्गात नाव घालण्याची लाज कशाची वाटते? गाडीची नव्हे. लाज वाटते ती बरोबरच्या विद्यार्थ्यांची. आम्ही ज्या शहरी सध्या नेमणुकीवर आहोत तेथील अशाच एका वर्गात आम्ही नाव घातले तेव्हा यादीत आमच्या वर आणि खाली अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली होती. कचेरीत जो दहा वर्षे फायली हाताळतो, ज्याला नवे उमेदवार “सर” म्हणतात, त्याने विशीच्या शिक्षकाकडून “काका, नजर चाकाकडे नको, समोर ठेवा” असे ऐकून घ्यावयाचे, हे प्रथम जड जाते खरे. परंतु या जडपणाचे मूळ आपण एका शब्दाच्या अर्धवट अर्थात अडकलो आहोत यात आहे. तो शब्द म्हणजे ‘अधिकारी’.

आपल्या कचेऱ्यांत अधिकारी म्हणजे ज्याच्याजवळ सत्ता आहे तो. परंतु आपल्या शास्त्रपरंपरेत या शब्दाला दुसरा आणि अधिक जुना अर्थ आहे. वेदान्ताचा ग्रंथ सुरू करताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. तेथे अधिकारी म्हणजे ज्याला हुकूम सोडता येतो तो नव्हे, तर ज्याला शिकण्याची पात्रता आहे तो. आणि त्या पात्रतेच्या अटींत धन, पद, वय यांना स्थान नाही. विवेक, वैराग्य, शम-दमादि गुण आणि जाणून घेण्याची खरी तळमळ यांना आहे. म्हणजे आपल्या परंपरेने अधिकार मोजला तो आपल्याला काय येते यावरून नव्हे, तर जे येत नाही ते शिकण्यासाठी मन किती तयार आहे यावरून. या अर्थाने पाहता नवशिक्यांच्या वर्गात बसलेला पस्तीस वर्षांचा कारकून हा खुर्चीवर बसलेल्या साहेबापेक्षा कमी अधिकारी नाही. अर्थात मोटारसायकलला वेदान्ताच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा विचार नाही. परंतु शम-दमाचा उपयोग क्लच सोडताना होतो, हे कोणीही शिकून पाहावे.

एक अडचण मात्र उरते आणि ती टाळून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्ग थोडे आहेत. वाहनाच्या कंपन्यांनी काही शहरांत पोलिसांच्या साहाय्याने वाहतूक-शिक्षणाची उद्याने उभारली आहेत, कोठे खाजगी वर्गही निघाले आहेत; परंतु गावोगाव ते नाहीत, आणि आहेत तेथे जागा मर्यादित असतात. आम्हांलाही प्रवेशासाठी आठ आठवडे थांबावे लागले. तेव्हा दोन प्रश्न निर्माण होतात. जागा थोड्या असतील तर प्रथम कोणाला द्याव्यात? आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याने काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीच्या रीतीने द्यावयाचे तर ‘अर्जाच्या क्रमाने’ असे आहे. ती रीत निःपक्षपाती आहे, परंतु पूर्ण न्याय्य नाही. घरोघर जेवण व सामान पोहोचविणारी जी मुले दिवसाचे दहा-बारा तास दुचाकीवर काढतात त्यांना वर्गाची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे, आणि वर्गासाठी दोन दिवसांची मजुरी सोडण्याची ऐपत आपल्यापेक्षा कमी आहे. ज्यांच्या घाईचा लाभ गिऱ्हाईक घेते आणि धंदा घेतो, त्यांच्या शिक्षणाचा खर्चही त्या धंद्याने उचलावा, हे आम्हांला साध्या न्यायाचे वाटते. आपल्यासारख्या मासिक पगारदाराने रांगेत थोडे मागे सरकण्यास हरकत नसावी. आठ आठवडे बसने गेल्याने आपली नोकरी जात नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. “वर्गच नाही, मग मी काय करू? कचेरी दहा किलोमीटर दूर आहे आणि बसचा पत्ता नाही,” असे म्हणणाऱ्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. शासन दाखला मागते आणि शिकण्याची जागा देत नाही, तेव्हा दोषाचा मोठा भाग शासनाकडे जातो, हे शासनाचे नोकर असूनही आम्ही मान्य करतो. परंतु दोष वाटला गेला तरी धोका वाटला जात नाही. ज्याचे हाड मोडते त्या हाडाला दोष कोणाचा होता हे कळत नाही. म्हणून वर्ग नसेल तेथे वर्गाचे तत्त्व तरी पाळावे. रविवारी पहाटे एखादे रिकामे पटांगण शोधावे. हलकी गाडी घ्यावी. शिकविणारा केवळ प्रेमळ नको, शांत आणि जाणकार असावा. थांबणे आधी शिकावे, पळविणे मागाहून. आणि हळू चालविता आल्याखेरीज जोरात चालवू नये. पुढचा व मागचा ब्रेक मिळून दहा वेळा ठरलेल्या रेषेवर गाडी थांबेल तोवर मुख्य रस्ता पाहू नये, आणि पक्का परवाना मिळेतोवर मागे कोणास बसवू नये. यांपैकी एकाही गोष्टीस सरकारी मंजुरी लागत नाही.

आणि ते ‘एल’ अक्षर? परप्रांतातल्या या शहरात सकाळी कचेरीस जाताना आम्ही रोज शेकडो दुचाक्या पाहतो. त्यांत नवशिके निश्चित असतील, पण ते अक्षर क्वचितच दिसते. कोणी ते लावीत नाही, कोणी लावलेच तर परिहासाचा विषय होतो. आम्हांला मात्र ते अक्षर रस्त्यावरील सर्वांत प्रामाणिक अक्षर वाटते. गाडीवर लोक आपले कुलदैवत लिहितात, मुलांची नावे लिहितात, हुद्दा लिहितात. हे सारे स्वतःविषयी असते. ‘एल’ हे एकच अक्षर मागून येणाऱ्यासाठी लिहिलेले असते. “मी अजून शिकतो आहे, जरा अंतर ठेवा,” एवढेच ते त्याला सांगते, आणि अनोळखी माणसाने ठेवलेल्या विश्वासाची पहिली परतफेड करते. वर्गात जागा मिळाली असेल त्याने आनंदाने जावे, मिळाली नसेल त्याने नाव घालून वाट पाहावी; आणि रस्त्यावर उतरेल त्या दिवशी ते अठरा सेंटिमीटरांचे चौरस पुढे व मागे, नियमाप्रमाणे, नीट दिसेल असे लावावे.